माहीत असलेलेच ऐकायला पैसे का मोजले? जळगावच्या एका डाळ मिलचे प्रकरण

प्रकरण कशाचे आहे

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कौटुंबिक डाळ मिलने २०२३ च्या आरंभी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या व्यवस्थापन सल्लागार संस्थेला चार महिन्यांचे काम दिले. त्या कामाअखेरी जो अहवाल हाती आला, त्यातील बहुतेक निरीक्षणे मिलमधल्या कोणा ना कोणाला आधीपासून ठाऊक होती. असे असूनही त्यानंतरच्या वर्षभरात मिलमध्ये तीन असे बदल झाले, ज्यांच्यावर त्याआधी कित्येक वर्षे नुसती चर्चाच होत आली होती. कंपन्या सल्लागार का नेमतात, असे विचारले की 'त्यांच्याकडे आपल्याजवळ नसलेले ज्ञान असते' हे उत्तर सहसा मिळते. ते उत्तर किती अपुरे आहे आणि ते तसेच गृहीत धरून नेमणूक केली तर पैसा नेमका कुठे वाया जातो, हे या प्रकरणात चांगले दिसते, म्हणून ते सविस्तर मांडत आहे. लेखन कुटुंबाच्या संमतीने केले आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले असून मिलचे आकडे गोल केले आहेत.

पार्श्वभूमी

सध्याच्या भावांच्या वडिलांनी दाणा बाजारातल्या आडतीवर सुरुवात केली आणि पुढे वसाहतीत भूखंड घेऊन मिल उभारली. आज तीन भाऊ मिळून ती चालवतात. थोरले, ज्यांना घरात आणि बाजारात सगळे आबा म्हणतात, कच्च्या मालाची खरेदी आणि साठा पाहतात. मधले नाना उत्पादन सांभाळतात. धाकटे, ज्यांना सगळे भाऊच म्हणतात, विक्री, वसुली आणि बँक पाहतात. नानांची मुलगी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन चार वर्षांपासून हिशेबाच्या खोलीत बसते आहे.

मिलची क्षमता दिवसाला ४० टन, म्हणजे वर्षाला सुमारे १२,००० टन आहे. प्रत्यक्षात वर्षाला साडेनऊ हजार टनांच्या आसपास माल निघतो. त्यात ६,००० टन तूर आणि बाकी हरभरा व उडीद. उलाढाल सत्तर कोटींच्या आसपास. तूर काही खान्देशातली आणि विदर्भातली, तर काही आयातदारांमार्फत येणारी म्यानमार आणि आफ्रिकेची. मे २०२१ मध्ये तुरीची आयात मुक्त झाल्यापासून या आयात मालाचा वाटा वाढला होता.

तुरीची डाळ कशी होते हे थोडे सांगितल्याशिवाय पुढचा प्रश्न कळणार नाही. तूर आधी चाळणीवर स्वच्छ करतात, मग एमरीच्या, म्हणजे खरबरीत दगडी लेपाच्या, रोलवर घासून टरफलाला ओरखडे पाडतात, त्याला तेल लावून ढीग मुरत ठेवतात, पाणी मारतात आणि आवारात पसरून वाळवतात. टरफल सुटे झाले की पुन्हा रोल, मग भरडणे, वाऱ्याने टरफल उडवणे, सॉर्टेक्स यंत्रातून रंग पाहून वेगळे करणे आणि शेवटी पोत्यात भरणे. तुरीचे टरफल डाळीला डिंकासारखे चिकटून असल्यामुळे वाळवण कमी पडले किंवा रोलवर दाब जास्त झाला, तर डाळीचा कडेचा भाग घासून भुकटी होतो आणि तो चुनीत, म्हणजे पशुखाद्य म्हणून स्वस्तात जाणाऱ्या टरफल-भुकटीत, जातो. टरफल आणि अंकुर वजा जाता १०० किलो तुरीतून सिद्धांताने ८५ किलोच्या आसपास डाळ मिळायला हवी. पारंपरिक पद्धतीच्या मिलमध्ये हा उतारा ७० ते ७५ टक्क्यांत घुटमळतो. या मिलचा उतारा ७१ ते ७२ टक्के होता.

उताऱ्यातल्या एका टक्क्याची किंमत लहान नाही. वर्षाच्या ६,००० टन तुरीवर एक टक्का म्हणजे ६० टन. तो माल डाळ म्हणून विकला गेला तर किलोला शंभर रुपये आणि चुनी म्हणून गेला तर पंचवीस, असे धरले तरी वर्षाचा फरक ४५ लाखांचा होतो.

प्रश्न कसा उभा राहिला

नोव्हेंबर २०२२ मध्ये बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी कॅश क्रेडिटची, म्हणजे साठ्याच्या तारणावर मिळणाऱ्या खेळत्या कर्जाची, मर्यादा वाढवून देण्याऐवजी उलट प्रश्न विचारला. मर्यादा पंधरा कोटींची होती आणि ती वर्षभर काठोकाठ वापरली जात होती. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये चार महिने पुरेल इतकी, म्हणजे २,००० टन तूर गोदामात दिसत होती. व्याजापोटी वर्षाला दीड कोटीच्या घरात रक्कम जात होती आणि निव्वळ नफा त्याहून कमी होता. हा नफा डाळ तयार करून मिळतो की तूर धरून ठेवून, असे शाखाधिकाऱ्यांनी विचारले, तेव्हा तिन्ही भावांनी तीन वेगळी उत्तरे दिली.

आबांच्या मते मिल त्यांच्या खरेदीवर चालत होती, कारण हंगामात स्वस्त घेतलेली तूर पावसाळ्यात महाग होते आणि तोच खरा नफा. नानांच्या मते मिल चांगली कमावत होती, पण ती कमाई साठ्याच्या व्याजात जात होती. भाऊंना वाटत होते की दोन्ही ठीक आहे, फक्त उधारी लांबते. यातले कोणतेही मत आकड्याने सिद्ध किंवा खोटे करता येत नव्हते, कारण हिशेब एकाच खात्यात होता. तूर विकत घेतल्याच्या भावाने डाळीच्या खर्चात धरली जाई. त्यामुळे मार्चमध्ये स्वस्त घेतलेल्या तुरीची डाळ सप्टेंबरमध्ये महाग विकली की सगळा फरक मिलच्या कामगिरीत जमा होत असे.

नानांच्या मुलीने हे दोन वर्षांपूर्वीच ओळखले होते आणि एका रविवारी तिने कागदावर दोन खाती वेगळी करून दाखवण्याचा प्रयत्नही केला होता. आबांनी तो कागद पाहिला आणि 'तुझ्या बापाने सांगितले का?' एवढेच विचारले. त्या क्षणापासून तो कागद हिशेबाचा राहिला नाही, तो नानांची बाजू झाला. कौटुंबिक व्यवसायात खरी अडचण बहुधा याच ठिकाणी असते. माहिती असते, पण ती ज्याच्या तोंडून येते त्याच्या बाजूची ठरते.

कोणते पर्याय तपासले

पहिला पर्याय होता आपसातच बसून ठरवण्याचा. तो दिवाळीत एकदा करून झाला होता आणि जेवणाच्या ताटावरून उठण्यापर्यंत गेला होता.

दुसरा पर्याय नेहमीच्या सनदी लेखापालांना हे काम देण्याचा होता. ते वीस वर्षांपासून मिलचे काम पाहत होते आणि खाती वेगळी करण्याचे काम त्यांना सहज जमण्यासारखे होते. पण त्यांनी स्वतःच नकार दिला. तिन्ही भावांची वैयक्तिक विवरणपत्रेही आपणच भरतो, तेव्हा एकाच्या विरोधात जाणारा कागद आपल्या सहीने यावा हे बरे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा नकार मला प्रामाणिक वाटतो.

तिसरा पर्याय एखादा डाळ-तंत्रज्ञ बोलावण्याचा. म्हैसूरची केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी डाळीच्या प्रक्रियेवर अनेक वर्षे काम झालेले आहे आणि त्या क्षेत्रातले निवृत्त लोक भेटीच्या मानधनावर येतात. नानांचा कल इकडे होता. खर्च दोन-तीन लाखांत भागला असता. पण तंत्रज्ञ उताऱ्यावर बोलला असता, साठ्यावर बोलला नसता आणि बँकेचा प्रश्न तसाच राहिला असता.

चौथा पर्याय बाहेरचा पगारी सरव्यवस्थापक नेमण्याचा होता. त्याला आबांच्या वरचे अधिकार द्यावे लागले असते, म्हणून हा विषय फार लांबला नाही.

उरला पाचवा, व्यवस्थापन सल्लागारांचा. तो भाऊंनी सुचवला आणि आबांनी, सर्वांना आश्चर्य वाटावे असा, लगेच मान्य केला. पुढे विचारले तेव्हा त्यांनी कारण सरळ सांगितले. बाहेरचे लोक आकडे पाहतील आणि आपली खरेदी बरोबर होती हे सिद्ध होईल, अशी त्यांना खात्री होती. नानांनाही नेमकी तीच खात्री स्वतःविषयी होती. म्हणजे दोघांनी एकाच माणसाला आपापला साक्षीदार म्हणून बोलावले. खान्देशात वाटणीच्या वेळी मामाला बसवतात, ते त्याला जमिनीचे गुंठे जास्त कळतात म्हणून नव्हे. त्याचा शब्द कोणत्याच भावाचा नसतो, म्हणून तो सगळ्यांना चालतो. सल्लागाराच्या नेमणुकीत या गरजेचा वाटा फार मोठा असतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

या धंद्याचा इतिहासही काहीसे हेच सांगतो. अमेरिकेत पोलाद कारखान्यात कामाच्या वेळा मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरला बेथलहेम स्टीलने १८९८ मध्ये आणले आणि १९०१ मध्ये काढून टाकले. त्याचे तंत्र त्याच्याबरोबर गेले नाही, पण व्यवस्थापकांशी त्याचे कधी जमले नाही. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये आपली संस्था काढली. हिशेब हे मागचे नोंदवण्यापुरते नसून पुढचे ठरवण्याचे साधन आहे, हा त्यांचा आग्रह होता. तंत्र आणि हिशेब या दोन वाटांनी हा व्यवसाय वाढला खरा, पण दोन्ही वाटांवर बाहेरच्या माणसाचे म्हणणे आतल्यांनी ऐकायचे की नाही, हाच प्रश्न शेवटी उभा राहतो.

करार आणि त्यातली उणीव

करार जानेवारी २०२३ मध्ये झाला. फी २८ लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३३ लाख. इथे एक गोष्ट कोणाच्याच आधी लक्षात आली नव्हती. मिल डाळ ३० आणि ५० किलोच्या पोत्यांत विकते. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद आणि लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के कर लागू झाला, त्यावरच्या पोत्यांवर कर नाही. विक्रीच करमुक्त असल्यामुळे सल्लागारांच्या बिलावरचा पाच लाखांचा कर वजावट म्हणून परत मिळणार नव्हता, तो सरळ खर्चात गेला.

याहून मोठी उणीव कामाच्या व्याप्तीत होती. करारपत्रात 'डाळ उतारा वाढवणे, उत्पादन खर्च कमी करणे आणि विक्री वाढीचा आराखडा' असे तीन मुद्दे होते. साठा हा शब्दही त्यात नव्हता. भाऊंनी तो मुद्दाम टाळला होता, कारण तो लिहिला असता तर आबांनी सही केली नसती असे त्यांना वाटले. सल्लागारांच्या प्रमुख भागीदाराला बँकेचा प्रश्न पहिल्याच भेटीत तोंडी सांगितला गेला होता. म्हणजे ज्या कामासाठी त्यांना आणले, ते काम कागदावर नव्हते आणि जे कागदावर होते, त्यातले निम्मे कोणाला खरोखर नको होते. पुढे अहवालाची जवळजवळ चाळीस पाने लहान पाकिटांतल्या डाळीचा ब्रँड उभारण्यावर खर्च झाली. ती आजवर कोणी उघडलेली नाहीत.

काम कसे झाले

फेब्रुवारी ते मे या काळात दोन तरुण सल्लागार मिलमध्ये बसत आणि भागीदार पंधरवड्याने येत. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिन्ही भावांशी बोलून घेतले. त्यांना खरी माहिती मिळाली ती वाळवणीच्या आवारात.

मिलचे मिस्त्री पारोळ्याकडचे, पंचवीस वर्षांपासून इथेच आहेत. एका सकाळी त्यांनी पसरलेल्या तुरीतले चार दाणे उचलले, एक दाढेखाली धरला आणि 'वल्लं शे अजून' म्हणून थुंकून टाकला. तरीही दुपारी तोच माल रोलवर गेला, कारण दुसऱ्या दिवशीच्या दोन गाड्या भाऊंनी ठरवून टाकल्या होत्या. तरुण सल्लागाराने असे किती वेळा होते, असे विचारल्यावर मिस्त्रींनी कपाटातून एक निळी वही काढली. प्रत्येक लॉटला किती पोती तूर गेली, किती पोती डाळ आणि चुनी निघाली, माल ओला होता की नीट वाळला होता, याच्या तीन वर्षांच्या नोंदी त्यात होत्या. ही वही कोणाला दाखवली का, यावर ते म्हणाले, 'आमनं कोन ऐकस?'

सल्लागारांनी त्या वहीतल्या नोंदी संगणकावर चढवल्या. नीट वाळलेल्या लॉटचा उतारा ओल्या लॉटपेक्षा तीन ते चार टक्क्यांनी जास्त होता. दुसरे म्हणजे बारीक आणि जाड दाणा एकत्र रोलवर गेला की जाड दाणा घासून निघतो आणि बारीक टरफलासह सुटतो, हेही वेगवेगळ्या खरेदीच्या लॉटवरून दिसत होते. आयात तुरीत आणि देशी तुरीत दाण्याचा आकार वेगळा असतो आणि मिलमध्ये दोन्ही एकत्र होत होत्या. रोलआधी प्रतवारीची चाळणी लावली पाहिजे, हे नाना स्वतः २०१९ पासून म्हणत होते. पण आबा लॉट एकत्र करूनच गोदामात लावत, कारण साठ्याच्या दृष्टीने तूर ती तूर.

त्याच वेळी नानांच्या मुलीने आपला जुना कागद पुन्हा काढला. सल्लागारांनी तिची पद्धत तशीच घेतली आणि तीन वर्षांवर लावली. मिलने साठ्याकडून तूर त्या दिवशीच्या बाजारभावाने विकत घेतली असे धरायचे आणि साठ्याने आपल्या पैशावरचे व्याज स्वतः भरायचे. उत्तर दोन्ही भावांना अनपेक्षित होते. तीनपैकी दोन वर्षांत साठ्याने व्याज भरूनही चांगली कमाई केली होती, म्हणजे आबांचे म्हणणे पोकळ नव्हते. तिसऱ्या वर्षी मात्र साठ्याने आधीच्या दोन वर्षांची निम्मी कमाई गमावली होती. आणि मिल, जिच्या नफ्याची नानांना खात्री होती, ती तिन्ही वर्षे जेमतेम बरोबरीत होती, एका वर्षी तर तोट्यात. साठ्याची कमाई मिलचा कमी उतारा झाकत होती आणि मिलच्या नावाने साठ्याची जोखीम झाकली जात होती.

निर्णयाचे क्षण

मेच्या शेवटी सादरीकरण ठरले. नानांना वाटत होते की सगळ्यांसमोर एकदाच आकडे मांडावेत. भाऊंना भीती होती की आबा उठून जातील. भागीदाराने आदल्या संध्याकाळी आबांच्या घरी जाऊन त्यांना एकट्याला पूर्ण अहवाल दाखवायचे ठरवले. या सबंध प्रकरणात सल्लागारांनी घेतलेला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता, असे माझे मत आहे. आबांनी दीड तास आकडे पाहिले, एका महिन्याच्या खरेदीभावातली चूक दाखवून दिली आणि ती दुरुस्त करून घेतली. दुसऱ्या दिवशी बैठकीत ते आकडे त्यांचेही झालेले होते. नानांना मिलचा तोटा प्रथम त्या बैठकीतच कळला. त्यांनाही आदल्या दिवशी सांगायला हवे होते. ते राहून गेले आणि त्याचा कडवटपणा पुढे बराच काळ टिकला.

बैठकीत चार शिफारशींवर बोलणे झाले. प्रतवारीची चाळणी लगेच मान्य झाली. दोन वेगळी खाती ठेवण्याचे आबांनीच पुढे होऊन मान्य केले, कारण साठ्याची कमाई आता त्यांच्या नावावर दिसणार होती. माल ओला असेल तर तो रोलवर न घेण्याचा अधिकार मिस्त्रींना लेखी देण्याची शिफारस भाऊंना जड गेली, कारण गाड्या थांबल्या की ग्राहकाचे बोलणे त्यांना ऐकावे लागते. पण वहीतले आकडे समोर होते आणि त्यांनी होकार दिला. चौथी शिफारस साठा चार महिन्यांवरून सहा आठवड्यांवर, म्हणजे सुमारे ७०० टनांवर आणण्याची होती. ती आबांनी फेटाळली. तुरीचा भाव चढत होता आणि अशा वेळी माल सोडणे त्यांना मान्य नव्हते. विषय दिवाळीवर ढकलला गेला.

यानंतर जे घडले ते कोणाच्याही अहवालात नव्हते. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने तूर आणि उडदावर साठा मर्यादा लावली. मिलसाठी ती मागील तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक स्थापित क्षमतेच्या २५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी होती. या मिलला ती ३,००० टनांपर्यंत जात होती, त्यामुळे २,००० टनांच्या साठ्याला धक्का लागला नाही. २५ सप्टेंबरला मात्र मर्यादा एक महिन्याचे उत्पादन किंवा क्षमतेच्या १० टक्क्यांवर आली. आता १,२०० टनांपेक्षा जास्त माल ठेवता येत नव्हता आणि गोदामात ती वेळ येईपर्यंत जवळजवळ सगळा साठा तसाच होता. जवळपास ८०० टन तूर मुदतीत काढावी लागली.

निष्पत्ती

घाईत विकूनही त्या ८०० टनांवर किलोमागे सुमारे पंचवीस रुपये सुटले, म्हणजे दोन कोटींच्या आसपास. आबांनी त्यावरून अहवालाचा हिशेब मांडला. सल्लागारांचे ऐकून मेमध्येच माल सोडला असता तर हे दोन कोटी गेले असते, असे ते आजही म्हणतात आणि आकडा म्हणून ते खरे आहे. पण सहा आठवड्यांची शिफारस भाव चढणार नाही या अंदाजावर उभी नव्हती. बँकेचे पंधरा कोटी एकाच पिकाच्या एकाच भावावर लावलेले आहेत आणि भाव उलटला किंवा नियम बदलला तर मिलकडे रोजच्या खरेदीलाही पैसा उरणार नाही, हा तिचा आधार होता. नियम बदललाही. तो बदलला तेव्हा भाव वर होता, हे त्या वर्षाचे नशीब. एका हंगामाच्या फळावरून निर्णय बरोबर होता की चूक हे ठरवणे धंद्यात फार सोपे असते आणि फार घातकही.

उताऱ्याचे फळ अधिक स्पष्ट होते. प्रतवारीची चाळणी आणि ओल मोजणारे दोन मॉइश्चर मीटर यांवर वीस लाख खर्च झाले. मार्च २०२४ अखेर तुरीचा उतारा ७४.५ टक्क्यांपर्यंत आला, म्हणजे आधीच्यापेक्षा तीन टक्के वर. वर्षभर हाच उतारा टिकला तर फायदा एक कोटी पस्तीस लाखांचा होतो. तो वर्षभर टिकला मात्र नाही. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत तो पुन्हा ७२ च्या खाली उतरला. मिस्त्रींनी माल थांबवण्याचा अधिकार पहिल्या पंधरा दिवसांत चार वेळा वापरला, पण ढगाळ आठवड्यात आवारातला माल वाळतच नाही आणि मिल किती दिवस बंद ठेवायची यालाही सीमा असते.

बँकेने दोन खात्यांची पद्धत पाहून मर्यादा वाढवली नाही, पण आहे ती विनातक्रार नूतनीकृत केली.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी काळाची निवड. जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो आणि आवारात पसरलेली तूर दिवसा-दोन दिवसांत खडखडीत वाळते. नेमक्या याच महिन्यांत सल्लागार आले. त्यांनी स्वतः डोळ्यांनी जे पाहिले ते वर्षातले सर्वांत चांगले वाळवण होते. पावसाळ्याची अडचण त्यांना फक्त मिस्त्रींच्या वहीतून दिसली आणि म्हणून यांत्रिक ड्रायरचा विषय अहवालात एका परिच्छेदात संपला. हेच चार महिने दोन भागांत तोडून, दोन उन्हाळ्यात आणि दोन श्रावण-भाद्रपदात घेतले असते, तर अहवालाचा मध्यबिंदूच बदलला असता. फीचा शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटल्यावर द्यायचा, अशी अट घालणेही अवघड नव्हते.

दुसरी गोष्ट करारपत्राची. साठ्याचा प्रश्न लिहिला असता तर आबांनी सही केली नसती, ही भाऊंची भीती तपासून पाहिलीच गेली नाही. आबा स्वतः खात्रीने तयार होते, हे नंतर कळले. खरा प्रश्न कागदावर आला असता तर ब्रँडची चाळीस पाने लिहिली गेली नसती आणि काम बहुधा निम्म्या पैशांत झाले असते. उताऱ्याचा भाग तंत्रज्ञाकडे, खात्यांची मांडणी नानांच्या मुलीकडे आणि त्या दोन्हींचे निष्कर्ष तिघांसमोर ठेवण्याचे, तटस्थपणे बोलण्याचे काम सल्लागारांकडे, अशी विभागणी शक्य होती. हे तिसरे काम कमी दर्जाचे मानू नये. या मिलमध्ये त्याच्याशिवाय पहिली दोन निष्फळ ठरली होती. पण त्याला २८ लाख लागत नाहीत.

तिसरे, सरकारी योजनांकडे कोणी पाहिले नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्राने सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी लीन योजना, म्हणजे उत्पादनातली नासाडी कमी करण्याची योजना, नव्याने सुरू केली. तिच्यात मार्गदर्शन आणि सल्ल्याच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. करार त्याआधी झाला होता हे खरे, पण त्याआधीच्या योजनेतही हा वाटा ८० टक्के होता. मिलच्या आतल्या मांडणीचे आणि वाया जाणाऱ्या मालाचे काम अशा योजनेत बसण्यासारखे होते.

चौथी गोष्ट मिस्त्रींची. त्यांच्या वहीवर अहवालाचा सर्वांत भक्कम भाग उभा आहे आणि अहवालात त्यांचा उल्लेख 'उत्पादन कर्मचाऱ्यांच्या नोंदी' असा तीन शब्दांत आहे. नानांनी पुढे त्यांचा पगार वाढवला, पण बैठकीला त्यांना बोलावले गेले नव्हते. ज्याच्याकडे माहिती आहे त्याला त्या खोलीत बसवले असते, तर पुढच्या वर्षी ती माहिती काढायला कोणालाच बाहेरून आणावे लागले नसते.

सध्याची स्थिती

नोव्हेंबर २०२३ मध्ये साठा मर्यादा शिथिल झाली आणि आबांनी पुन्हा खरेदी वाढवली, मात्र आता ती व्याजासह त्यांच्या खात्यात दिसते. २०२४ च्या अखेरीस नवी तूर बाजारात येऊ लागली तसा भाव वेगाने उतरला. २०२५ च्या सुरुवातीला तो क्विंटलला ७,५५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली होता. साठ्याच्या खात्यात त्या तिमाहीत तोटा उमटला. तो मिलच्या नफ्यात मिसळला गेला नाही, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. आबांनी स्वतःहून १,००० टनांची वरची मर्यादा सुचवली. सहा आठवड्यांच्या शिफारशीपेक्षा ती बरीच जास्त आहे आणि नाना तिच्यावर समाधानी नाहीत. दोन्ही खात्यांचा ताळा दर तिमाहीला नानांची मुलगी मांडते आणि तो तिन्ही भाऊ सही करून ठेवतात.

ड्रायरसाठी दोन कंपन्यांची दरपत्रके आली आहेत. यंत्राचा खर्च मिलच्या खात्यातून करायचा की साठ्याच्या कमाईतून, यावर अजून एकमत झालेले नाही. यंदाच्या पावसाळ्यात अकोल्याच्या एका निवृत्त तंत्रज्ञांना तीन भेटींसाठी बोलावायचे ठरले आहे आणि त्यांच्या कामाच्या पत्रात या वेळी एकच प्रश्न लिहिला आहे: आवारातले वाळवण किती दिवस थांबते आणि त्या दिवसांसाठी किती क्षमतेचा ड्रायर पुरेल.